माणूस कशावरून?



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात नेहमीप्रमाणे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशी वाचन माझ्याकडे होते. वाचनानंतर कोणाला शंका असल्यास विचारावी असा आमच्याकडे रिवाज आहे. पण बहुधा कोणी विचारीत नाही आणि माणसे घरी जातात. त्या दिवशी मात्र मागे बसलेली एक बाई उठून उभी राहिली. तिच्या घराने तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. ती विड्या वळते, नवरा हमाली करतो. ती म्हणाली, "मॅडम, तुमी म्हनता पोराले शिकवा. पन माहा पोरगा म्हन्ते, मोबाईलमधलं थे यंत्र समदं लिवते, समदं सांगते, मानसावानी बोलते. मंग पोराले शिकवू कायले? अन् थे मानसावानी बोलते, तं थे मानूस नाही हे कशावरून?"

बायका हसल्या. मीही काहीतरी बोलले. "यंत्र ते यंत्र आणि माणूस तो माणूस," असे म्हणून मी ग्रंथ मिटला. परंतु घरी जाताना माझ्या लक्षात आले की हे उत्तर नव्हे. 'महार तो महार आणि ब्राह्मण तो ब्राह्मण' असे म्हणणाऱ्यांचे उत्तर याच घाटाचे होते! ज्यांच्या आजा-पणजांना हजारो वर्षे 'हा माणूस कशावरून?' या प्रश्नाच्या दारात उभे राहावे लागले, त्यांनी तरी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. म्हणून ते राहून गेलेले उत्तर मी येथे लिहिते आहे.

प्रथम जे घडले ते सांगते. त्या बाईचा मुलगा माझ्याच शाळेत सातव्या वर्गात आहे. दिवाळीपूर्वी मी मुलांना 'माझी आई' हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. या मुलाचा निबंध वाचून मी थक्क झाले. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. त्यातील आई पहाटे उठून अंगणात सडा-रांगोळी करते, तुळशीला पाणी घालते, देवापुढे दिवा लावते, मुलाला गरम गरम पोळी वाढते आणि रात्री पुराणातल्या गोष्टी सांगते. मी मुलाला जवळ बोलावले.

"तुझी आई तुळशीला पाणी घालते काय रे?"

"नाही मॅडम."

"घरी तुळस आहे?"

"नाही."

"मग हे लिहिलेस कसे?"

"म्या नाही लिवलं. मोबाईलनं लिवलं."

"पण उतरवून काढताना वाचलेस ना? आपली आई अशी नाही हे तुला कळले नाही?"

तो म्हणाला, "कळलं. पन निबंधातली आई अशीच राह्यते ना मॅडम."

मी त्याला रागावू शकले नाही. कारण चौथीत असताना मीही अगदी हाच निबंध लिहिला होता. तेव्हा मोबाईल नव्हता, गाईड होते. माझी आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचीत होती आणि माझ्या वहीतली आई तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालीत होती. मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते.

हे यंत्र बोलते कसे? त्यात जादू नाही, दैवी शक्ती नाही. हे आपण बुद्धिवादी लोकांनी आधी समजून घेतले पाहिजे. माणसांनी आजवर लिहिलेला अफाट मजकूर त्याला पुरविलेला असतो. कोणत्या शब्दांपाठोपाठ कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे प्रचंड गणित ते यंत्र त्या मजकुरावरून बसविते आणि आपण प्रश्न विचारला की त्या गणिताने शब्दापुढे शब्द मांडीत जाते. माणसांनी त्याची उत्तरे तपासून त्याला आणखी वळण लावलेले असते. तेव्हा 'आई' म्हटले की तुळस येते, कारण लिहिणाऱ्यांच्या घरी तुळस होती. विड्या वळणारी आई फारशी कोणी लिहिलीच नाही, मग ती यंत्राला भेटणार कोठे?

आता इतिहासाकडे वळू. युरोपात ॲरिस्टॉटलपासून माणसाची व्याख्या 'विचार करणारा प्राणी' अशी होत आली. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने १६३७ साली लिहिले की यंत्राला काही शब्द उच्चारायला शिकविता येईल, परंतु समोरच्याच्या बोलण्याला अनुसरून निरनिराळी उत्तरे जुळविणे त्याला कधीही साधणार नाही. मंदातल्या मंद माणसालाही ते साधते. माणूस आणि यंत्र यांच्यामधली ही भिंत तीनशे वर्षे उभी होती. १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने प्रश्न उलटा केला. लेखी उत्तरांवरून समोर माणूस आहे की यंत्र हे परीक्षकाला ओळखता येत नसेल, तर यंत्र विचार करते असे म्हणायला हरकत काय, असे त्याने विचारले. पुढे १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात काही शास्त्रज्ञ जमले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव त्याच बैठकीच्या प्रस्तावातून रूढ झाले. बुद्धीचे प्रत्येक अंग इतके बारकाईने वर्णन करता येईल की यंत्राकडून त्याची नक्कल करवून घेता येईल, अशी त्यांची धारणा होती.

१९५६ हे साल वाचून तुम्ही थबकला असाल. मीही थबकले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. दोन घटनांचा एकमेकींशी काहीएक संबंध नाही. उगाच संबंध जोडणे हा भाबडेपणा होईल. पण तिकडे काही माणसे यंत्राला बुद्धिमान करण्याचा विचार करीत होती आणि इकडे बुद्धी असूनही ज्यांना माणूस मानले गेले नाही ती माणसे आपले माणूसपण जाहीर करीत होती, हे दोन्ही एकाच वर्षी घडले एवढे खरे.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगते. १९९७ साली बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह संगणकाकडून हरला. २०१६ साली 'गो' या अतिकठीण खेळात कोरियाचा ली सेडोल पाच डावांपैकी चार डाव हरला आणि तीन वर्षांनी त्याने व्यावसायिक खेळ सोडला. २०२२ च्या नोव्हेंबरात बोलणारे यंत्र सर्वांसाठी खुले झाले आणि बघता बघता ते विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाच्या हाती आले. देकार्तची भिंत पडली.

ती पडल्यामुळे शिकलेल्या जगात घबराट आहे. लिहिणे, भाषांतर करणे, हिशेब करणे, परीक्षा देणे हे सारे यंत्राला जमू लागले, मग माणसाचे वेगळेपण ते काय उरले? मला या घबराटीचे नवल वाटते. बुद्धी हाच माणूसपणाचा दाखला आहे असे ज्यांनी मानले आणि बुद्धी ही आपल्याच घरची मालमत्ता आहे असेही ज्यांनी मानले, त्यांचे कोसळणे समजू शकते. आपले मात्र तसे नाही.

गौतम धर्मसूत्रात शूद्रासाठी तीन शिक्षा सांगितल्या आहेत. (आपल्या सभांतून त्या सरसकट मनुस्मृतीच्या नावावर सांगितल्या जातात; वक्त्यांनी नीट वाचून बोलावे.) वेद ऐकला तर कानात कथील आणि लाख ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी, लक्षात ठेवला तर देह चिरावा. ऐकणे, उच्चारणे आणि लक्षात ठेवणे ही तीन कामे समाजाच्या शिखरावर ठेवली होती आणि त्यांच्याभोवती एवढे रक्त सांडण्याची तयारी होती. आज वाळूपासून बनविलेल्या सिलिकॉनच्या चकतीला ही तिन्ही कामे येतात! सर्व वेद तिने ऐकले, पुराणे ऐकली, त्रिपिटकही ऐकले. विचाराल तेव्हा ती म्हणून दाखविते. पाठांतर हीच श्रेष्ठता असेल तर आता जगद्गुरूचे पीठ त्या चकतीला द्यावे लागेल.

आणि दुसरी गंमत पाहा. हान्स मोराव्हेक या यंत्रमानवशास्त्रज्ञाने १९८८ साली एक विचित्र गोष्ट नोंदविली. बुद्धिमत्तेच्या चाचण्या किंवा चेकर्सचा खेळ यांत संगणकाला मोठ्या माणसाइतके तरबेज करणे तुलनेने सोपे आहे. पण वर्षाच्या मुलाला जे पाहता, धरता, चालता येते ते यंत्राला शिकविणे फार कठीण आहे. याचा आपल्या दृष्टीने अर्थ काय? तेंदूचे पान ओले आहे की कोरडे, किती ओढले तर फाटेल, चिमटीत तंबाखू किती घ्यायची, दोरा किती ताणायचा, हे विडी वळणारीच्या बोटांना कळते. ती शेजारणीशी बोलत असते आणि बोटे चुकत नाहीत. मी स्वतः एकदा वळून पाहिली. दहा पाने फाडली आणि एक विडी झाली, तीही लगेच सुटली. कातडे कमावणे, बाळंतीण सोडविणे, कापूस वेचणे या कामांना हलकी म्हटले गेले. त्यांत बुद्धी नाही असे ठरविले गेले. तोच मुद्दा यंत्राने खोटा पाडला आहे. ज्याला उच्च म्हटले ते यंत्राला आधी जमले आणि ज्याला नीच म्हटले ते त्याला आजही नीट जमत नाही.

गटाराचेच घ्या. माणसाला मैला उपसायला लावणे १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंद केले आहे. केरळातील तरुण अभियंत्यांनी २०१८ साली मॅनहोल साफ करणारे यंत्र तयार केले, ते काही शहरांनी घेतलेही. तरीही गटारात उतरून माणसे मरतच आहेत. मेलेल्यांची जात विचारण्याची गरज पडत नाही. कविता करणारे यंत्र गावोगावी पोचले आणि गटारात उतरणारे यंत्र पोचले नाही, याला विज्ञान जबाबदार नाही. कोणाचे श्रम वाचवायचे आणि कोणाचे नाही हे आधी माणसे ठरवितात, मग यंत्र बनते.

पण येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. एका कार्यक्रमात एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "आता पदव्या कुचकामी झाल्या, तुमच्या मुलांनी हातांची कामेच धरावीत, त्यांनाच पुढे भाव येणार." ऐकायला बरे वाटते. परंतु त्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात, हे मी विचारले तेव्हा ते हसले. हातात बुद्धी आहे हे मान्य करणे वेगळे आणि 'म्हणून तू हातानेच राब' असे सांगणे वेगळे. दुसरे वाक्य आपण पूर्वी ऐकले आहे. आपल्या घरातली पहिली पिढी पदवीपर्यंत पोचते न पोचते तोच पदवीची किंमत गेली असे जाहीर होते. कारकुनाची, टंकलेखकाची, हिशेबनिसाची खुर्ची आपल्या मुलापर्यंत आली आणि यंत्र तीवर आधीच बसलेले आहे. ही भीती खरी आहे आणि मी ती लपविणार नाही.

आता मूळ प्रश्न. थे मानूस नाही हे कशावरून?

इतर धर्मांचे अनुयायी चटकन सांगतील की माणसात आत्मा आहे, यंत्रात नाही. नव्याने दीक्षा घेतलेल्या काही घरांतून मी हेच उत्तर ऐकते. पण आपल्याला ते देता येत नाही. तथागतांनी आत्मा नाकारला, बाबासाहेबांनी तो नाकार आपल्या हाती ठेवला. राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांचा रथाचा संवाद तुम्हांला ठाऊक असेल. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही. सारे भाग एकत्र आले की व्यवहारात त्याला रथ म्हणतात. माणसाचेही तसेच, असे नागसेन सांगतात. म्हणून 'यंत्र म्हणजे नुसते सुटे भाग' असे म्हणून आपण त्याला झिडकारू शकत नाही. आपणही भागांचेच आहोत. धम्माने आपल्याकडून सोपे उत्तर काढून घेतले आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे.

मग भाग तपासू या. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध. रूप यंत्राला आहे, धातूचे का होईना. संज्ञा, म्हणजे ओळखणे, यासारखे काही त्याला येते. अर्थात ज्याने शिकविले त्याच्या डोळ्यांनी. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या यंत्रांची तपासणी केली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाहूनही कमी होती. काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती एका यंत्राची शेकडा ३४ च्या वर गेली. संस्कारासारखेही काही त्यात आहे, कारण आपल्या समाजाचे सारे जुने संस्कार त्याने गिळले आहेत. २०२५ साली अमेरिकेतील 'एम. आय. टी. टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने केलेल्या तपासणीत अपुरी वाक्ये देऊन यंत्राला जातीचे नाव भरायला लावले, तेव्हा हुशारी एका जातीकडे आणि मैला दुसऱ्या जातीकडे, अशीच वाटणी बहुतेक वाक्यांत त्याने केली. विज्ञानाविषयी, म्हणजे जाणिवेविषयी, पंडितांत वाद चालू आहेत. त्यात मी शिरत नाही.

वेदनेपाशी मात्र मी थांबते. हे यंत्र 'मला वाईट वाटले' असे लिहिते. माणसांनी तसे लिहिले म्हणून ते लिहिते. त्या शब्दांमागे भूक नाही, ताप नाही, अपमानाने कानशिले तापणे नाही, आणि दुखणारे काही तेथे आहे असे मानायला आज आधार नाही. महाडला १९२७ साली माणसे चवदार तळ्यावर गेली ती आपल्या बुद्धीचा पुरावा द्यायला गेली नव्हती. पाण्यावर तहानलेल्याचा हक्क असतो आणि आम्ही माणसे आहोत, एवढेच सांगायला गेली होती. यंत्राला तहान नाही. (तरी त्याची अवाढव्य कोठारे थंड ठेवायला पाणी मात्र पुष्कळ लागते, हे जाता जाता सांगते.) तथागतांनी धम्माचा आरंभ ज्ञानापासून केला नाही, दुःखापासून केला. ज्याला दुःख आहे तो आपल्या करुणेच्या कक्षेत येतो, मग तो मुका असो, मतिमंद असो, निरक्षर असो. उद्या एखादे यंत्र खरोखर दुःख भोगू लागले तर त्यालाही आपली करुणा नाकारता येणार नाही. मापच तसे आहे.

या मापाने तपासणे माणसाला किती अवघड जाते याचे एक उदाहरण देते. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा छोटासा कार्यक्रम लिहिला. समोरच्याचेच वाक्य फिरवून त्याला परत प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत होती. तरी त्यांच्या कचेरीतील सेक्रेटरीबाई त्या यंत्राशी बोलता बोलता म्हणाल्या की आपण जरा खोलीबाहेर जाल काय, मला एकांतात बोलायचे आहे! वायझेनबॉम चकित झाले आणि पुढे या यंत्रांचे कठोर टीकाकार बनले. मला वेगळेच सुचते. चार ओळींच्या उलट्या प्रश्नांत ज्याला माणूस दिसतो, त्याच मानवजातीला गावकुसाबाहेर रडणाऱ्या जिवंत बाईत माणूस दिसला नाही! डोळे तेच आणि मनही तेच. माणूस दिसणे किंवा न दिसणे हे समोरच्यावर फारसे अवलंबून नसते असे यावरून वाटते.

वेदनेबरोबर दुसरी गोष्ट चेतनेची. तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म मानले. हेतू असतो तेथे जबाबदारी येते. यंत्राने चूक केली तर ते 'क्षमा करा' असे लिहिते; पण क्षमा मागणारा तेथे कोणी नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी सरकारी मदत मिळते. तेथील करखात्याने संशयित शोधण्याचे काम संगणकी पद्धतीवर सोपविले. परके नागरिकत्व हे संशयाचे एक कारण त्यात धरलेले होते. हजारो निरपराध आईबाप लबाड ठरले, कर्जबाजारी झाले, कित्येकांची घरे मोडली. अखेरीस जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. 'यंत्राने सांगितले' हे शब्द ऐकले की माझ्या कानात 'शास्त्राने सांगितले' हे शब्द घुमतात. शास्त्रामागे माणसे लपली होती, यंत्रामागेही माणसेच लपतात. आणि यंत्राच्या पोटातही माणसे आहेत. ते बोलणारे यंत्र सभ्य व्हावे म्हणून केनियातील नैरोबी येथे गरीब तरुण-तरुणींना तासाला सुमारे दोन डॉलर किंवा त्याहूनही कमी मजुरीवर बसवून खून, छळ आणि बालकांवरील अत्याचार यांची वर्णने वाचायला लावून वेगळी काढायला लावल्याचे जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने उघड केले. त्यांतल्या कित्येकांची झोप गेली. घाण कोणीतरी काढतोच. ती कोण काढतो हे विचारायला आपण तरी विसरू नये.

चुल्लपंथक भिक्खूंची कथा मुलांना अवश्य सांगा. चार महिन्यांत त्यांना एक गाथा पाठ झाली नाही. त्यांचे थोरले बंधू महापंथक स्वतः मोठे ज्ञानी. त्यांनी सांगितले, तुझ्याने होणार नाही, संघ सोडून जा. ते दाराशी रडत उभे असता तथागतांनी त्यांना पाहिले. गाथा दिली नाही. एक स्वच्छ फडके दिले आणि ते हाताने चोळीत बसायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले आणि शुद्ध असलेले कसे बदलते हे चुल्लपंथकांना आतून उमगले. ते अर्हत झाले. आजच्या कोणत्याही परीक्षेत यंत्र पहिले येईल आणि चुल्लपंथक नापास होतील. सुनीत भंगी रस्ता झाडीत होते, त्यांनाही तथागतांनी काही पाठ म्हणून दाखव असे सांगितले नव्हते. दुसऱ्याच्या गाई मोजीत बसणाऱ्या गुराख्याची उपमा धम्मपदात आहे. पुष्कळ ग्रंथ म्हणणाऱ्या पण न आचरणाऱ्याला ती दिली आहे. यंत्राजवळ सगळ्या गावच्या गाईंची मोजणी आहे.

आता त्या बाईच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. पोराले शिकवू कायले? ताई, तुमच्या पोराला यंत्राने लिहिलेले खोटे आहे हे कळले होते. तेवढे शिक्षण त्याला झोपडीतच मिळाले होते. पण खोटे हेच 'बरोबर' असते आणि खरी आई वहीत लिहायची नसते, हेही तो शिकला होता; आणि ते त्याला आम्ही शाळेने शिकविले. मला शिकविले, मी त्याला शिकविले, यंत्राने फक्त सुबक अक्षरात परत दिले. हे दुसरे शिक्षण पुसून टाकायला शाळा हवी आहे. नोकरीसाठी हवी आहेच. पोट कोणाला सुटले आहे? पण यंत्र वापरता आले आणि ते तुमच्याविषयी काय लिहीत आहे हे वाचून 'हे चूक आहे' असे म्हणता आले नाही, तर तो मुलगा पुन्हा दुसऱ्याने लिहिलेलेच जगेल. म्हणून मोबाईल फेकून द्या असे मी सांगत नाही. माझ्या वर्गात मी यंत्राकडून गणिताची उदाहरणे करवून घेते, मुलांकडून त्यातील चुका शोधवून घेते, आणि मुले त्या शोधतात.

निबंध मात्र मी पुन्हा लिहून घेतला. वर्गातच, माझ्यासमोर, अर्ध्या तासात. त्याने अर्धे पान लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका दहा-बारा होत्या. त्यातले थोडे येथे देते: माझी आई विड्या वळते. रात्री पाने भिजवून ठेवते. हजार झाल्या का मोजते, मंग पुन्हा मोजते. तिला खोकला आहे. ती झोपली का तिचे बोटं हलतात. मी पाह्यलं आहे. झोपीत पन ती वळत राह्यते.

पुढल्या रविवारी, त्याची परवानगी घेऊन, मी तो निबंध विहारात वाचून दाखविला. आई मागेच बसली होती, तोंडाला पदर लावून. वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. मग तिनेच विचारले, "मॅडम, म्हंजे हा रातचा जागाच राह्यते काय?"